कुंदाला मार का बसतो, याची कारणं

समाजशास्त्रात एम.ए. करून मी रायपूरच्या एका समुपदेशन केंद्रात लागले. किस्से इतके साठलेत की डबा उघडला की मैत्रिणीच विचारतात, "आज कुणाचं काय?" आजचे सगळे कुंदाचे. रायपूरला लागूनच्या बीरगांवची. नवरा सुनील फॅक्टरीत आहे आणि तो तिला मारतो. तिला मुलीला घेऊन माहेरी राहायचंय. बाकी सगळ्यांना तिला परत धाडायचंय, पण आधी कारण शोधून!

*

कुंदाच्या सासूबाई म्हणाल्या, "सुपरवायझर दिवसभर शिव्या देते त्याले. तो राग घरी निघते, काय करन बिचारा!"

मी हिंमत करून विचारलं, "मग सुपरवायझरवर का नाही काढत?"

"अवो मॅडम, नौकरी जाईन ना!"

*

आमच्या मोठ्या मॅडमनी सुनीलला पितृसत्ता समजावली. फळ्यावर बाण काढून, घसा बसेपर्यंत. तो मन लावून ऐकत होता.

"एकदम सही बात है मॅडम," शेवटी म्हणाला. "गलती मेरी नहीं, समाज की है!"

*

मग त्याच्या मोठ्या भावाने दारूचं कारण काढलं. "पिल्यावर त्याले शुद्धच नाही राहत."

कुंदा म्हणाली, "दारात कुत्रं झोपते, भैया. त्याले बरोब्बर ओलांडून येते."

*

तेलीबांध्याच्या, म्हणजे शहरातल्या श्रीमंत भागातल्या, एक ताई आमच्याकडे हौसेने मदतीला येतात. त्यांच्या मते सगळा दोष शिक्षणाचा.

"आमच्या सोसायटीत असलं काही ऐकूच येत नाही," म्हणाल्या. "भिंती केवढ्या जाड आहेत!"

*

एकदा सुनीलने "मैं गुस्सेवाला आदमी ही नहीं हूं!" म्हणत टेबलावर मूठ आपटली. मी अशी दचकले की सगळा चहा माझ्या ओढणीवर!

कुंदाचा थेंबही सांडला नाही. तिने कप आधीच उचलून धरला होता.

*

शेवटी समझौता ठरला. म्हणजे मॅडमनी ठरवला. समझौता झाला की आमच्याकडे फोटो निघतो: नवरा-बायको शेजारी उभे, हातात पेढा, मागे केंद्राचा बॅनर. मी मोबाइल धरला.

"सुनील, तिच्या खांद्यावर हात ठेव जरा," मॅडम म्हणाल्या.

कुंदाने पेढा टेबलावर ठेवला, मुलीला कडेवर घेतलं.

"मॅडम, मी पोरीले घेऊन बाहेर पडेपर्यंत त्याले हात खिशात ठेवाले सांगा!"