कडक टायर

गाडी सेकंडहँड होती, पण परदेशी बनावटीची. बुलढाण्यात आमच्या कॉलनीत तशी दुसरी नव्हती. पुण्याच्या मेहुण्यानं नवी घेतली आणि जुनी मला दिली. किल्ली देताना तो म्हणाला, "हिचे टायर रनफ्लॅट आहेत. बाजूची भिंत इतकी जाड, की हवा गेली तरी गाडी साठ-सत्तर किलोमीटर चालते. म्हणून स्टेपनी दिलेलीच नाही." मी डिक्की उघडून पाहिली. स्टेपनीला जागासुद्धा नव्हती. मला ते फार पुढारलेलं वाटलं, आणि पुढचे दोन दिवस कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी प्रत्येकाला हेच सांगत होतो.

गाडी घेतली होती ती मुख्यतः आईसाठी. ती धाकट्या भावाकडे, वडनेर भोलजीला राहते. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दर महिन्याला तिला दाखवायला बुलढाण्याला आणावं लागे. पहिल्या खेपेला मी तिला पुढच्या सीटवर, पाठीला उशी देऊन बसवलं. नांदुऱ्यापर्यंत ती नीट बसली होती. मोताळ्याच्या पुढं रस्ता उकरून ठेवलेला होता, तिथं तिनं दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली.

"हळू घे नं."

"हळूच घेऊन राह्यलो, आई."

"मंग काऊन आपटते अशी?"

 प्रत्येक खड्डा सीटमधून थेट हाडात जात होता, माझ्याही. राजूर घाट चढेस्तोवर तिचा चेहरा पांढरा पडला होता. परतताना तिनं शांतपणे सांगून टाकलं, "पुढच्या खेपेले मी एसटीनं येतो."

मला वाटलं, रागात बोलली. पण पुढच्या महिन्यात ती खरंच भावाबरोबर एसटीनं आली. मी गाडी घेऊन स्टँडवर उभा होतो. ती उतरली, माझ्याकडं पाहून मान हलवली आणि वॉकर टेकत ऑटोकडं निघाली. गाडी तिथंच सोडून मी त्यांच्या मागं दुसऱ्या ऑटोनं दवाखान्यात गेलो.

टायर जरा नरम पडावेत म्हणून त्यांतली हवा थोडी कमी करून पाहिली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. संभाजीनगरच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथला मुलगा अदबीनं म्हणाला, "टायर असेच असतात सर, तुमच्याकडचे रस्ते खराब आहेत." जणू रस्ते मी केले होते.

मग एका सहकाऱ्याकडच्या साखरपुड्याला रोहिणखेडला गेलो, तेव्हा कडेच्या दगडानं मागचा टायर बाजूनं चिरला. मेहुण्याचं म्हणणं खरं ठरलं. गाडी हळूहळू का होईना, घरापर्यंत आली. पण नंतर तो टायर कोणीच काढेना. एका पंक्चरवाल्यानं दोनदा लोखंडी टामी घालून टायर उचकटून पाहिला, घाम पुसला आणि म्हणाला, "सर, हा टायर नाई, जातं हाये." सर्व्हिस सेंटर म्हणालं, याला पॅच लागत नाही, नवा मागवावा लागेल, तीन आठवडे धरा. तीन आठवड्यांनी म्हणालं, अजून दोन.

याच काळात आईची तारीख आली. त्या दिवशी लग्नसराईची गर्दी होती, आणि मोताळ्यापर्यंत तिला बसायला जागा मिळाली नाही. रात्री भावाचा फोन आला. "तुह्या दारात गाडी उभी," तो म्हणाला, "अन् आई एसटीत उभी." त्यानं फोन ठेवला. 

सकाळी मी गाडी तशीच हळूहळू चालवत चिखली रोडवरच्या एका टायरवाल्या चाचांकडं गेलो. चाळीस वर्षं हेच काम करणारा माणूस. साधे टायर घालू का, असं मेहुण्याला आधी विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "वेडा आहेस का? सेफ्टीचं काय?" मी चाचांना विचारलं, "चारही काढून साधे घातले तर बसतील?"

"काऊन नाई बसणार? नाप तोच, चाकाची डिस्क तीच. पण एक बात सांगतो सर, स्टेपनी ठेवा लागन. साधा टायर हवा गेल्यावर चालत नाई."

त्यांनी टायर काढायचं मशीन असलेला एक जण बोलावून आणला. पहिल्या टायरलाच दीड तास लागला. मशीनचा पट्टा घसरला, डिस्कवर चरा पडला. मी पुढं होऊन सूचना द्यायला लागलो तेव्हा चाचा मान वर न करता म्हणाले, "तुमी आत बसा. तुमच्या पाहण्यानं सुटत नाई ते."

संध्याकाळपर्यंत चारही बदलून झाले. पाचवं चाक डिक्कीत आडवं टाकलं, आणि आईचा वॉकर तिथं मावेनासा झाला. तो मागच्या सीटवर गेला. पिवळा दिवा मात्र अजूनही लागतो. चाचा म्हणतात, कंप्युटरवाल्याचं काम आहे.

मी वडनेरला आईला आणायला गेलो. ती ओट्यावरून उठेना.

"टायर बदलले, आई."

"मले टायरातलं काय समजते?"

भावानं उशी आणून सीटवर ठेवली. तेव्हा ती बसली. उकरलेल्या रस्त्यावर मी श्वास रोखून चालवत होतो. आई शेजाऱ्यांच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होती आणि सांगतच राहिली. धक्के होतेच, पण तिचे हात मांडीवर होते.

घाटात तिनं विचारलं, "अन् आता हवा गेली तं?"

"चाक बदलतो."

"तुले येते?"

"हाव," मी म्हणालो. मला येत नव्हतं.

रविवारी चाचांच्या दुकानासमोर मी जॅक लावायला शिकलो. पहिल्यांदा जॅक घसरला, दुसऱ्यांदा नट वाकडा बसला. चाळीस मिनिटांनी चाक लागलं तेव्हा शर्ट काळा झाला होता. चाचांनी पाना हातात घेऊन नट तपासले, एक पुन्हा कसला आणि म्हणाले, "आता खोला, अन् अजून एकदा करा."