मागच्या दाराचे मामा

अख्ख्या हैदराबादेत, बेल वाजली की स्वतःच्याच घरातून मागच्या दारानं पळणारा माणूस एकच, माझ्या बायकोचे मामा. बरकतपुऱ्यात घर, जन्म सरकारी कचेरीत गेलेला. बेल वाजली की मामा चपला घालणार, मागच्या गल्लीतून वळसा मारून पुढं येणार आणि आलेल्याला आधी पाठीमागून बघणार. दूधवाला असो नाहीतर सख्खी बहीण. बायकोला त्यांनीच वाढवलं, म्हणून मुलगी बघायला मी तिथंच गेलो. बेल दाबली, कुणी येईना, म्हणून बंद दारालाच वाकून वाकून नमस्काराची प्रॅक्टिस करत राहिलो. मागून आवाज आला, "काय मियाँ, दार हौ म्हणालं का?" पोरगी मात्र दिली. दाराशी इतक्या अदबीनं वागणारा बायकोशी वाकडा वागणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता बायको एका कंपनीच्या ॲपवर ऑनलाइन काळा मसाला विकते. दुकान तिचं, डोकं तिचं. तिचे हात मसाल्यात म्हणून फोन तेवढा माझ्याकडं. माझं शिक्षण शाळेच्या भिंतीबाहेर झालेलं, त्यामुळं इंग्रजी आलं की फोनच मला मराठीत वाचून दाखवतो. दिवाळीच्या तोंडावर एक मेल आला. 'आदरणीय विक्रेते, तुमचं खातं आज बंद होत आहे. वाचवायला इथं दाबा आणि पासवर्ड द्या.' जन्मात मला कुणी आदरणीय म्हटलं नव्हतं. छाती फुगली आणि घामही फुटला. दुकान गेलं तर बायकोची एवढ्या वर्षांची मेहनत, दिवाळीच्या ऑर्डरी, सगळं पाण्यात! अंगठा खाली जाणार, तेवढ्यात समोर चहा पीत बसलेले मामा बोलले, "कोण आलंय?"

"कुणी नाही मामा, कंपनीचा मेल आहे. जल्दी करा म्हणतायत."

"म्हणजे बेलच की. घाई कुणाला आहे, तुला का त्याला?"

"अहो, दुकान बंद होईल!"

"तू रोज दुकानात जातोस कुठनं?"

"ॲपमधनं."

"मग तिथनंच जा. बघ तिकडं कुणी बोलावलंय का."

गेलो. दुकान उघडं, ऑर्डरी जागच्या जागी, नोटीस-बिटीस काही नाही. ॲपमधूनच कंपनीला विचारलं. असला मेल आम्ही पाठवत नाही, पासवर्ड कुणालाही देऊ नका, असं उत्तर आलं. मग पाठवणाऱ्याचा पत्ता नीट बघितला, तर कंपनीच्या नावाला भलतीच शेपटी! मामांनी उरलेला चहा असा प्यायला, जसा काही किल्लाच जिंकलाय. बायको आतून म्हणाली, "आदरणीय विक्रेते, मिरच्यांची देठं खुडा."

त्या दिवाळीला मसाल्याचं एक पाकीट उरलं नाही. बायकोच्या विकणाऱ्या मैत्रिणी आता एकमेकींना बजावतात, मेल आला की मामांच्या दारानं जा. माझी गोष्टही सांगतात, नमस्कारासकट.

परवा मामांकडं गेलो. बेल दाबली आणि सवयीनं रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. दार पुढूनच उघडलं. मी वळलो. "गुडघे, मियाँ," मामा एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मी बेल दाबत नाही. गल्लीतून वळसा घालतो, मागच्या दारात त्यांची खुर्ची असते, तिथं जाऊन त्यांच्याकडं पाठ करून उभा राहतो. ते नीट बघून घेतात. "हौ, तूच," म्हणतात. मग मी आत जातो.