कापड यावं लागतं

पेनाया साखर कारखान्याची उसाची गाडी चालवायचा. निवृत्त झाल्यावर तो बेटावरच्या लौटोका शहराजवळ समुद्राकाठच्या बायकोच्या गावीच राहिला. मासे धरायचे, ख्रिस्ती देवळाच्या अंगणातलं गवत कापायचं आणि संध्याकाळी यांगोनाच्या मुळांचं पेय प्यायला बसायचं, असा त्याचा दिवस जाई. कपड्यांच्या बाबतीत तो फारसा चोखंदळ नव्हता. देवळासाठी लुंगीसारखा काळा जाड सुलू, एरवीसाठी राखाडी पातळ सुलू, पांढरा सदरा आणि एक टाय. गुडघ्याखाली येणारा शिवलेला सुलू आणि पायात चपला असल्या की गड्याचं कुठंही अडत नाही, असं तो म्हणे.

त्या डिसेंबरात मात्र अडलं.

त्याच्या धाकट्या भावाची, इनोकेची मुलगी लितियाना हिचं लग्न ठरलं होतं, आणि तेही पेनायाच्या मेव्हण्याच्या मुलाशी. मुलगा तोमासी सिडनीत कामाला. त्यानं सगळ्यांना छापील पत्रिका पाठवली. शुक्रवारी नवरीच्या गावात पाहुण्यांचं स्वागत, तेव्हा फुलाफुलांचे अर्ध्या बाह्यांचे शर्ट. शनिवारी देवळात कोट आणि टाय. रविवारी समुद्राकाठी जेवण, तेव्हा हलके पांढरे कपडे. सिडनीच्या पाहुण्यांना तेवढं पुरे होतं. पण फुलाफुलांचा शर्ट म्हणजे कुठली फुलं, हे गावाकडे ज्याचं त्याला माहीत असतं. प्रत्येक बाजू आपलं एक कापड ठरवते आणि घरातली सगळी माणसं त्याच कापडात येतात. लांबून पाहिलं की कोण कुणाचं ते कळतं.

नवरदेवाकडचं कापड हिरवं होतं, त्यावर पांढरी जास्वंद. पेनायाची बायको वासेमाथा हिनं ते आणलं, त्याचा शर्ट शिवला आणि खुंटीला अडकवला. चांगलं सुती कापड होतं. तिकडच्या डिसेंबरी उन्हाळ्यात अंगाला चिकटलं नसतं.

इनोकेकडून मात्र काहीच आलं नाही.

दोघा भावांमधली गोष्ट जुनी होती. वडील गेले तेव्हा थोरल्यानं गावी परत यावं, जमीन सांभाळावी, घराचा कारभार पाहावा, असं सगळ्यांना वाटत होतं. पेनाया आला नाही. त्याची नोकरी होती, बायकोच्या माणसांचा आधार होता, आणि खरं सांगायचं तर त्याला समुद्र सोडवत नव्हता. सगळं इनोकेवर पडलं. त्यानं दुखवट्याच्या बैठकीत एकच वाक्य म्हटलं होतं, "दादा आता बायकोच्या गावचा झाला." तेव्हापासून दोघं कुणाच्या मर्तिकाला भेटले तर हवापाण्याचं बोलत, बाकी काही नाही.

आता हिरवा शर्ट घालून भावाच्या अंगणात उभं राहायचं म्हणजे ते वाक्य सगळ्या गोतावळ्यासमोर खरं करून दाखवायचं. साधा पांढरा सदरा घालायचा तर तो कुणाचाच नाही असं होईल. आणि कापड काही मागून घ्यायचं नसतं. कापड यावं लागतं.

वासेमाथाला नवऱ्याची घालमेल दिसत होती. तिनं एकदा विचारून पाहिलं, की हिरव्यात काय वाईट आहे?

"काही वाईट नाही," पेनाया म्हणाला.

"तीस वर्षं आमच्या समुद्राचे मासे खाताय. तेव्हा नाही वाटलं कुणाचे खातो म्हणून."

तो हसला, पण दुसऱ्या दिवशी बस धरून शहरात गेला.

कापडवाला हेमराज सगळ्या गावांची लग्नं कापडावरून ओळखायचा. पेनायानं आडून आडून विचारलं, इनोकेच्या गावानं काय नेलं? हेमराजनं दोन प्रकार काढून दाखवले. एक गडद लाल, त्यावर नीरफणसाची मोठी पानं. दुसरं पिवळं, कासवांचं. कुठलं जास्त गेलं, असं पेनायानं विचारलं. हेमराज म्हणाला, पिवळ्याची अख्खी ठाणं गेली, लाल थोडंच. पेनायानं मनाशी हिशेब केला: घर मोठं, गोतावळा मोठा, तेव्हा पिवळंच असणार. पिवळं कापड गुळगुळीत आणि उकडणारं होतं, पण त्यानं ते घेतलं.

वासेमाथानं तोंड वाकडं केलं. "न बोलावता शर्ट शिवून जाणारे तुम्ही पहिलेच." तरी तिनं शिवला, आणि खिसाही मापात बसवला.

शुक्रवारी ती आपल्या माणसांबरोबर हिरव्या कपड्यांत नवरदेवाकडच्या ट्रकमधून निघाली. पेनाया आधीच्या बसनं एकटा गेला. इनोकेच्या अंगणात मांडव घातला होता. मांडवात चटयांवर बसलेली सगळी माणसं लाल कपड्यांत होती. इनोके लाल, त्याची बायको लाल, चुलत-मावस सगळे लाल. पिवळे शर्ट मागे धुराजवळ दिसत होते. जमिनीत खड्डा करून तापल्या दगडांवर डुक्कर, मासे आणि कंदमुळं भाजायची ठेवली होती, आणि तिथं राबणाऱ्या गावच्या गड्यांना ते कापड दिलं होतं.

सेरू हा पेनायाचा आतेभाऊ. आते-मामेभावांत थट्टा चालतेच, त्यामुळे त्याला तो हक्कच होता. त्यानं चटईवरून हाक मारली, "काय रे पेनाया, कसावाचा कंद सोलायचा राहिलाय आणि आचारी पाहुण्यांच्या रांगेत?"

मांडवभर हशा पिकला. इनोकेनं मान वळवून पाहिलं. तो हसला नाही.

पेनायाला परत बस धरावीशी वाटली. पण अंगावर ज्याचं कापड, त्याचं काम करायचं असतं. तो मांडवाला वळसा घालून मागे गेला, सुलू वर खोचला आणि खड्ड्याशी बसला. पोरांनी पानांचा थर पातळ ठेवला होता, वाफ बाहेर जात होती. त्यानं केळीची पानं मागून घेतली आणि वरून माती सारखी केली. तो गुळगुळीत शर्ट पाठीला चिकटून काळा पडला.

थोड्या वेळानं इनोके आला. नवरीच्या बापाला एकदा खड्डा बघून जावं लागतं, म्हणून आला असेल. तो धुराकडे बघत उभा राहिला.

"हे कापड तुला कुणी दिलं?"

"कुणी नाही. मीच घेतलं."

"लाल होतं तुझ्यासाठी. कापून ठेवलं होतं."

पेनायानं मान वर केली.

"मग पाठवलं नाहीस ते?"

"पाठवून परत आलं असतं तर?" इनोके म्हणाला. "वहिनीकडचं हिरवं आलंच असणार. मला वाटलं, दादा तेच घालून येईल. मग शेवटी ते सेरूच्या पोराला दिलं."

पेनाया हातातली माती झटकत राहिला. तेवढ्यात रस्त्याकडून ट्रकचे भोंगे वाजले आणि पोरं ओरडत पळाली. हिरवी माणसं उतरत होती. पुढचा म्हातारा देवमाशाचा दात दोन्ही हातांवर धरून होता. नवरी मागायला आलेल्यांचा तो दात नवरीकडच्या घरातल्या थोरल्यानं घ्यायचा असतो. थोरला हजर नसेल तर धाकट्यानं घेतला तरी चालतं, आणि इनोकेनं सकाळपासून तसंच धरलं होतं.

"उठ," इनोके म्हणाला.

"असा? बघ तरी माझ्याकडे. धुराचा वास येतोय."

"मग काय झालं? थोरला खड्ड्याशी बसलेला असताना मी दात घेतला, तर लोक मला हसतील. मघाशी तुला हसले त्याहून जास्त."

पेनायानं बादलीत हात धुतले. लाल माणसांच्या मधून जाताना सेरूनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण शेजारच्या बाईनं त्याला कोपरखळी मारली. पेनाया चटईच्या पुढच्या कडेला, मोकळ्या ठेवलेल्या जागी मांडी घालून बसला. समोर हिरव्यांच्या रांगेत वासेमाथा होती. पिवळा, घामेजलेला, धुरकट नवरा तिथं बसलेला पाहून ती आधी दचकली, मग बाहीनं तोंड पुसत खाली बघू लागली.

हिरव्यांचा म्हातारा बरंच लांबलचक बोलला. पेनायाला उत्तराचे सगळे शब्द नीट आठवत नव्हते. वडील बोलायचे तेव्हा तो बहुतेक वेळा गाडीवर असायचा. पण बापाचं नाव, गावाचं नाव आणि मुलीचं नाव त्यानं नीट घेतलं, पुढं हात केले आणि दात घेतला. तो वाटला होता त्यापेक्षा जड होता.

इनोके पुढं आला नाही. तो पेनायाच्या मागे, धाकट्यानं बसायचं तिथं, बसला आणि दात घेतल्यावर मानाची वाजवायची टाळी सगळ्यांच्या आधी त्यानं वाजवली.