कुंकवाच्या जागचं गोंदण

बेळगावातल्या त्वचेच्या दवाखान्यात मी बोटॉक्स करावं की लेसर, या घोळात बसले होते. शेजारी साठीच्या एक आक्का पदरानं मोबाईल पुसून त्यात आपला चेहरा न्याहाळत होत्या.

तिथं काम करणाऱ्या मुलीनं त्यांच्या गालावरचे वांग तपासले. मग कपाळावर, कुंकवाच्या जागी गोंदलेल्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"आक्का, हा डागपण लेसरनं जाईल."

आक्कांनी तिचं बोट बाजूला सारलं.

"वांग काढ, सुरकुत्या काढ. ह्याला हात लावायचा न्हाय. नवरा गेला तवा बायकांनी माझं कुंकू पुसलं. ह्ये कुणाला पुसता आलं न्हाय."

आक्कांनी हनुवटी वर केली.

"आणि सुरकुत्या नीट काढ गं. गोंदण उठून दिसाय पायजे."