माणशी एक प्रश्न

माझी धाकटी जाऊ बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. तिथे तिच्या जिभेला हाड नाही. घरी सासूबाईंपुढे मात्र तोंडातून शब्द फुटत नाही. तिचं-माझं कधी पटलं नाही, आणि पटवून घ्यायची दोघींनाही घाई नव्हती.

तिला दिवस गेले तेव्हा घरात कोण कौतुक! मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा द्राक्षगर्भ आहे, यात बाळ नाहीच. पिशवी साफ केली, तरी मागे राहिलेलं वाढलं आणि त्याची गाठ झाली. आता केमो. "घरी बसून नीट प्रश्न काढा आणि पुढच्या खेपेला विचारा," असं त्यांनी बजावलं.

आम्ही बसलो. जाऊ म्हणाली, "माणशी एकच प्रश्न ठेवू. खिडकीत चार एकदम विचारणारा एकाचंही उत्तर न घेता जातो."

जाणार होतो तिघं: ती, दीर आणि मी. दिरानं लगेच आपला सांगितला, मूल कधी होईल? तिनं खाली मान घालून आपला सांगितला, "मी जगेन ना?"

"शुभ बोल जरा!" सासूबाई कडाडल्या. "तू पथ्याचं विचार."

ती मुकाट ऐकते याचा मला संतापच आला. म्हटलं, "तिचा प्रश्न मी विचारते. माझं तोंड तसंही फाटकंच आहे." सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दूध मीच नासवलं.

दवाखान्यात आधी दीर. आधी उपचार, मग तपासण्या नॉर्मल आल्या की पुढे वर्षभर तरी मूल नको, असं उत्तर आलं. त्याचा चेहरा पडला. जावेनं इमानेइतबारे पथ्य विचारलं. मग मी.

"बहुतेक बायका यातून पूर्ण बऱ्या होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिची गाठ पसरलेलीही नाही."

जाऊ माझा हात धरून हमसाहमशी रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

बाहेर येताच दिरानं घरी फोन लावला. सासूबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून फोनवर त्या ओरडूनच बोलतात.

"बरी होईल म्हणतात, आई. मूल मात्र वर्षभर तरी नाही."

"बरी होईल?" पलीकडून त्यांनी दोनदा विचारलं. मग, "अरे, मी त्या मुलीकडच्यांना आता काय सांगू? तुझ्यासाठी बोलणी करून बसलेय ना!"

जाऊ औषधांची पिशवी धरून शेजारीच उभी होती.

दीर म्हणाला, "थोडं थांबा म्हणावं."