वय ओळखणारी आत्या

माणसाचं खरं वय ओळखणारी बाई उभ्या सोलापुरात एकच होती आणि ती माझी आत्या होती. खरं वय म्हणजे पत्रिकेतलं नव्हे. पत्रिकेला ती फारशी जुमानत नसे. ती मुलींच्या शाळेत मास्तरीण होती, शुक्रवार पेठेत आमच्याच घरी राहायची आणि मुलांचं मन कसं वाढतं यावरची जाडजूड इंग्रजी पुस्तकं कुठून कुठून मागवून, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायची. मग पुस्तकातलं खरं की खोटं हे पेठेतल्या पोरांवर ताडून बघायची. कुणाचं पोर रस्त्यात गडाबडा लोळायला लागलं, की बाकीच्या बाया उचलायला धावत आणि आत्या वही उघडून त्याच्याशेजारी उकिडवी बसे. "थांबा, अजून पाय झाडायचे राहिलेत," असं ती त्याच्या आईलाच सुनावे. एकदा शेजारच्या विणकराची सून रडकुंडीला येऊन म्हणाली, "अय्यो मास्तरीणबाई, माझा दोन वर्षांचा पोरगा सगळ्याला नको म्हणतो. लाडू दिला तरी नको म्हणतो आणि खातो!" आत्यानं तिच्या हातावर साखर ठेवली. "अगं, आईपेक्षा आपण वेगळे आहोत हे त्याला कळलं. केवढी आनंदाची गोष्ट!" आणि त्या आनंदाप्रीत्यर्थ तिनं खरोखरच संध्याकाळी गल्लीभर शेंगदाण्याचे लाडू वाटले. त्या चिरंजीवांनी "नको, नको" म्हणत चार नेले.

मी सहा वर्षांची असताना साईसकट दूध पिऊन टाकलं आणि हत्तीनं प्यायलं म्हणून सांगितलं. आईनं हात उगारला तेवढ्यात आत्या मध्ये आली. "वहिनी, मारू नका. हिची कल्पना आज पहिल्यांदा घराबाहेर पडलीय." मग मला मांडीवर घेऊन तिनं हत्तीचं नाव, गाव, त्याला गूळ आवडतो की ऊस, तो जिन्यानं कसा आला, सगळं विचारायला सुरुवात केली. चौकशी इतकी लांबली, की कंटाळून मीच कबूल केलं, "आत्या, हत्ती नव्हता गं. मीच प्यायले." ती इतकी खट्टू झाली, की दोन दिवस मला तिची समजूत काढावी लागली. मोठी माणसंही तिच्या तावडीतून सुटत नसत. माझे वडील, म्हणजे दादा, धान्याचे व्यापारी. पेठेत त्यांचा दरारा. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून त्यांनी एकदा ताट सरकवलं. आत्या त्यांची धाकटी बहीण, पण शांतपणे म्हणाली, "साडेतीन."

"काय साडेतीन?"

"तुझं वय, दादा. आता रडलास तर तीन."

दादांनी मुकाट्यानं ताट ओढून घेतलं.

मग मला तेरावं लागलं. सकाळी मी विनाकारण हसायची, दुपारी विनाकारण रडायची आणि संध्याकाळी खोलीचं दार लावून आरशात नाक मोजायची. आईला वाटलं, पोरीला नजर लागली. ती मीठमोहऱ्या ओवाळू लागली. आत्या म्हणाली, "वहिनी, तिचं मन घर बदलतंय. सामान सध्या रस्त्यावर आहे. थोडं सांडेल, थोडं फुटेल. कुणी मध्ये येऊ नका." पण मध्ये यायला सगळं गावच टपलेलं होतं. लग्नाच्या वयाचा कायदा लागू होणार होता आणि त्याच्या आत पोरी उजवून टाकायची लोकांना घाई झाली होती. दादांनाही झाली. माघ महिन्यात दुधनीचं एक स्थळ मला बघायला आलं.

मुलगा सोळा वर्षांचा होता. डोक्यावरचा फेटा बहुधा वडिलांचा असावा, कारण तो सारखा डोळ्यांवर घसरत होता. "पोरगी पसंत हाय आमास्नी," वडील म्हणाले. "आमचा पोरगाबी लई शांत हाय की. वर मान करून बघत न्हाय."

आत्यानं मुलाला विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?"

"त्याला काय आवडायचंय? आमी सांगू ते!"

"मी त्यांना विचारतेय."

मुलगा खिडकीबाहेर वरून लोंबणाऱ्या दोऱ्याकडे बघत होता. "पतंग," तो पुटपुटला. "तुमच्या माळवदावर पडलाय."

"मग जा की वर. ही जिना दाखवील."

दादा "अगं, अगं" म्हणेपर्यंत आम्ही दोघं वर पोचलो होतो. पतंग शाबूत होता, फिरकी आमच्या घरात होतीच. मुलगा उडवायला लागला आणि वर म्हणाला, "पोरींना ढील द्यायला येत न्हाय." मी फिरकी हिसकावली. त्यानं माझी वेणी ओढली. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. मग वाळत घातलेल्या पापडांवरून आमची अशी काही धावाधाव सुरू झाली, की खाली माळवदाची माती पाहुण्यांच्या पोह्यांत पडायला लागली. सगळे धावत वर आले तेव्हा नवरामुलगा उताणा पडलेला होता आणि मी त्याच्या छातीवर बसले होते. फेटा खाली अंगणात, म्हशीच्या शिंगांत अडकला होता.

आईनं तोंडाला पदर लावला. मुलगा भोकाड पसरून रडायला लागला आणि मी घाबरून उठले. आत्यानं वही उघडली नाही. तिनं पाहुण्यांना एवढंच विचारलं, "यांचं लग्न लावायचं म्हणता?"

मुलाचे वडील पोराशेजारी खाली बसले. मग म्हणाले, "माय गेली ह्याची, तवाबी रडला न्हवता. शाना हाय म्हनलं आमी."

"रडू द्या त्याला," आत्या म्हणाली.

त्या मोठ्या मिशांच्या माणसानं पोराला जवळ ओढलं, पाठीवरनं हात फिरवत "साकु, साकु," म्हणजे पुरे, असं त्यांच्या कानडीत म्हटलं आणि स्वतःचेच डोळे पुसले. जाताना दादांना हात जोडून म्हणाला, "पोरं हायती की हो अजून. ऱ्हाऊ द्या."

ते स्थळ पुढं यथाकाळ दुसरीकडे जमलं. मी शिकले, मास्तरीण झाले, माझंही लग्न माझ्या वेळेनं झालं. आत्या जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तिची आठवण आली की मला त्या दिवशीची संध्याकाळच दिसते. पाहुणे गेले होते, मी एकटी पतंग उडवत होते आणि आत्या मोडके पापड गोळा करायला वर आली होती. तिचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं आणि दहाव्या वर्षी ती पांढरं कपाळ घेऊन परत आली होती. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणीच नसे. पापड तसेच ठेवून ती माझ्याजवळ आली.

"जरा दे बघू."

"बोट कापेल गं."

"कापू दे."

दोरा हातात येताच पतंगानं हिसका दिला आणि आत्या अशी किंचाळली, की गल्लीतल्या बाया माना वर करून बघू लागल्या. "आता काय करू? सांग ना, काय करू?" चाळिशीची माझी आत्या जागच्या जागी नाचत विचारत होती.

"सोड आत्या. नुसता सोडत राहा."

तिनं दोरा सोडला. पतंग वर वर जात राहिला आणि ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत राहिली. खालून आईनं दोनदा हाक मारली. आम्ही दोघींनीही ओ दिली नाही.