दत्तूकाकांचं साउंड कार्ड

बातमी मला स्वारगेटला कळली. दिवाळीची सुट्टी संपवून गावाकडून एसटीने परतलो होतो. न्यायला आलेला माझा खोलीतला मित्र हातातली बॅग घेत म्हणाला, "तुझे ते तांबट आळीतले काका गेले रे. परवा, झोपेतच." त्यावर मला पहिल्यांदा जे वाटलं ते लिहावं की नाही, यात माझे तीन आठवडे गेले. मला हायसं वाटलं. आता त्यांना तोंड दाखवावं लागणार नाही, असं वाटलं. एका क्षणाचीच गोष्ट, पण त्या क्षणाची किळस अजून जात नाही... म्हणून लिहितो आहे. लिहून ती जाईल असं मात्र वाटत नाही.

दत्तूकाका कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवायचे. मी वर्ध्याकडचा, आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. त्यांच्या मागच्या बोळात आम्ही तिघं एका खोलीत कॉट बेसिसवर राहतो. मी कॉम्प्युटरच्या बी.एस्सी.ला आहे हे कळल्यापासून काका मला 'इंजिनियर' म्हणायला लागले, तेही अहो-जाहो करून. मी एकदा म्हणालो, "काका, मी इंजिनियर नाही, बी.एस्सी.ला आहे." ते म्हणाले, "अहो, आमच्याकडे घागरीला बूड बसायच्या आधीच घागर म्हणतात." त्यांचा मुलगा मुकुंद नोकरीसाठी अमेरिकेला जाताना आपला कॉम्प्युटर घरी ठेवून गेला होता. काकूंनी त्यावर विणलेला रुमाल घातला होता. एक दिवस काकांनी तो रुमाल स्वतःच काढला आणि मला आत बोलावलं.

काम एका कॅसेटचं होतं. मुकुंद शाळेत असताना त्याने टेपरेकॉर्डरवर गंमत म्हणून कारखान्यातला आवाज भरून ठेवला होता. काका आणि त्यांचे थोरले भाऊ अण्णा समोरासमोर बसून एक हंडा मठारताहेत, म्हणजे हातोडीचे बारीक, सारखे ठोके घालून पत्रा कडक करताहेत, एवढंच त्यात होतं. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आळीतल्या बाकीच्या हातोड्याही स्टीलच्या भांड्यांनी एकेक करून गप्प केल्या. काका म्हणायचे, डोळे बांधून बसवा, ठोक्यावरून कुणाचा हात ते सांगतो. पण जन्मभर त्याच ठोक्यांनी त्यांचा डावा कान नेला होता आणि उजवाही चालला होता. म्हणून ते ऐकताना तळवा टेपच्या स्पीकरवर ठेवायचे. कॅसेट जुनी झाली होती, कानही जायला आले होते. दोन्ही जायच्या आत अण्णांचा हात कॉम्प्युटरवर नीट उतरवून घ्यायचा होता. "तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम," ते म्हणाले. मी हो म्हणालो. कॉम्प्युटरची मागची बाजू मी तोवर धड पाहिलेलीही नव्हती, हे काही बोललो नाही.

मागे साउंड कार्डाला तीन छिद्रं होती, हिरवं, निळं आणि गुलाबी. गुलाबीशेजारी माइकचं चित्र होतं. आवाज भरायचा म्हणजे माइकच, असं मला वाटलं आणि टेपची वायर मी तिथे घातली. आवाज आला तो चिंध्या झालेला. टेप मोठा केला की फाटायचा, लहान केला की नुसती खरखर. आम्ही कॅसेट पुन्हा मागे नेली, पुन्हा लावली... विसेक वेळा तरी. शेवटी मी कॉलेजातल्या पोरांच्या थाटात सांगून टाकलं, "कार्ड जुनं आहे काका. अपग्रेड करावं लागेल."

काकांनी तळवा स्पीकरवरून उचलला. "भांडं बद वाजलं तर आम्ही आधी हात बघतो. हातोडी नंतर."

"हे वेगळं असतं काका."

"असेल. तुम्ही शिकलेले."

मी बुधवार पेठेत एका दुकानात गेलो. दुकानदाराने कार्डाचं नाव ऐकून, "अजून जिवंत आहे?" असं विचारलं. मग वर न बघताच म्हणाला, "टेप नीट लावलाय ना?" मला राग आला. गावाकडचा दिसतो म्हणून विचारतोय, असं वाटलं. मी म्हणालो, "म्हणजे काय!" त्याने खांदे उडवले आणि नवीन कार्डाचा डबा काउंटरवर ठेवला.

निर्णय काही सोपा नव्हता. त्याच महिन्यात काकांना कानाचं यंत्र घ्यायचं ठरलं होतं आणि दोन्ही एकदम जमणार नव्हतं. काकू म्हणाल्या, "आधी कान." काकांनी माझ्याकडे पाहिलं. "इंजिनियर, खरं सांगा. कार्डाने आवाज नक्की सुधारेल?" मी नक्की म्हणालो. 'बहुतेक' हा शब्द मला ठाऊक होता, मी तो वापरला नाही. काका काकूंना म्हणाले, "मग कार्डच घेऊ. यंत्र लावून तरी काय ऐकायचं, तेच फाटकं असेल तर?"

नवीन कार्ड बसवलं आणि वायर पुन्हा गुलाबीत घातली. आवाज तसाच फाटका. मी काहीतरी ड्रायव्हरचं वगैरे पुटपुटलो आणि अभ्यासाचं निमित्त काढून निघालो. काका दारापर्यंत आले. "या सवडीने," एवढंच म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेत आमच्या सरांनी एक टेप कॉम्प्युटरला जोडला. वायर निळ्यात घातली. "गुलाबी फक्त माइकसाठी. टेप तिथे लावला की आवाज फाटणारच. एवढं तरी परीक्षेआधी डोक्यात राहू द्या." सगळे हसले, मीही हसलो. त्याच संध्याकाळी जाऊन वायर एका बोटाने इकडची तिकडे केली असती तरी पुरे होतं. पण मग सांगावं लागलं असतं, की कार्ड फुकट घेतलं, कान फुकट गेला, मला काही येत नव्हतं. मी बोळातून दुसऱ्या बाजूने ये-जा सुरू केली. पाच आठवडे. एकदा चुकून समोरून गेलो तर ओट्यावरून हाक आली, "अहो इंजिनियर!" मी ऐकू न आल्यासारखं केलं. ज्याला खरंच ऐकू येत नव्हतं, त्याच्यासमोर मी बहिऱ्याचं सोंग केलं... यापुढचं काय लिहू?

स्वारगेटहून तसाच त्यांच्या घरी गेलो. भेटायला आलेले लोक 'एका कलेचा अस्त' असलं काही बोलत होते आणि स्टीलच्या पेल्यातून चहा पीत होते. त्यांचाही वीट आला, पण कुठल्या तोंडाने? मुकुंद अमेरिकेहून आला होता. त्याने माझा हात धरला. "बाबांसाठी तू फार केलंस. नवीन कार्डसुद्धा बसवून दिलंस." मी उठून आत काकूंकडे गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, गुलाबी, निळं, पाच आठवडे, ती हाक. काकू परातीतले तांदूळ निवडत होत्या. शेवटचा खडा काढून त्यांनी परात बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मग आता लावा निळ्यात."

लावलं. ठोके आले. स्वच्छ, एकाआड एक, हातोडी तांब्यावर पडून उठते तेवढी फटसुद्धा ऐकू येत होती. आतून काकू म्हणाल्या, "हा ह्यांचा. हा भाऊजींचा." पण जिथे काका थांबतात आणि अण्णा एकटेच ठोकतात, तिथला आवाज वाहून गेला होता. तिथली फीत आम्हीच पुन्हा पुन्हा चालवून ताणली होती. ती काही कुठल्या कार्डाने आता परत येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी नवीन कार्ड काढून जुनं बसवून पाहिलं. जुन्यावरही तितकंच स्वच्छ वाजलं.

नवीन कार्ड परत द्यायला गेलो तर काकूंनी घेतलं नाही. "तुमच्याकडेच राहू दे," म्हणाल्या, आणि त्यात माया होती की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. ते माझ्या टेबलावर आहे. येणारा-जाणारा विचारतो, बसवत का नाहीस?

मी आता रोज समोरच्याच वाटेने जातो. मुकुंद परत गेला. कॉम्प्युटरवरचा रुमाल काकूंनी पुन्हा घातलेला नाही. संध्याकाळी त्या ठोके लावून बसतात. त्यांचे कान अगदी चांगले आहेत, तरी ऐकताना तळवा स्पीकरवर ठेवतात, आणि आवाज वाहून जातो तिथेही तो उचलत नाहीत.